ठोकेमामांचा उजवा कान

विद्यापीठाच्या फाटकावर रखवालदाराने पासावर 'श्री. ठोके' असं लिहून दिलं, तेव्हा मामांनी ते दुरुस्त केलं नाही. तीस वर्षं ते गवंडीकाम करत होते. भिंत असो, पायरी असो, छत असो, समोर येईल ते आधी हातोडीने ठोकून पाहायची त्यांची सवय होती. कुठल्याशा कामावर कुणीतरी त्यांना ठोकेमामा म्हटलं आणि ते नाव त्यांना सिमेंटसारखं चिकटलं. बाहेर लोक ठोकेमामा म्हणत, घरी बायको 'अहो' म्हणे; आईवडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव तेवढं मतदार यादीत नि हजेरीपटावर पडून होतं.

विद्यापीठाला उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. मुलंमुली पेट्या घेऊन घरी गेली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा परिसर कामगारांच्या हाती आला. वसतिगृहाच्या भिंतींना परांच्या लागल्या. वाचनालयाचं छत दुरुस्तीला काढलं म्हणून तिथल्या खुर्च्या हिरवळीवर आणून ठेवल्या होत्या आणि दुपारी त्यांच्यावर रंगारी झोपत. केबल टाकायला रस्ते असे उकरले होते की एक वयस्कर प्राध्यापक स्वतःच्याच विभागाची वाट मामांना विचारून गेले.

मामांचं काम स्टेडियममध्ये होतं. पश्चिमेची गॅलरी चाळीस वर्षांची, चोवीस रांगांची. पायऱ्यांचा झिजलेला वरचा थर फोडायचा, नवा टाकायचा, त्यावर खुर्च्या बसवायच्या. खालच्या बाजूला तुळयांचा सुटलेला गिलावा काढून नवा लावायचा आणि रंग मारायचा. दहा आठवड्यांनी मुलं परत येणार, आणि ती आली की लगेच आंतरविद्यापीठ स्पर्धा. कंत्राटदाराचा मुकादम तसा मनाने वाईट नव्हता, पण घाई त्याच्या अंगात मुरलेली. एखादं काम कधी हवंय असं विचारलं की तो 'काल' म्हणायचा.

पहिले तीन आठवडे कामाला चांगला वेग होता. वर काँक्रीट फोडणारी ब्रेकर मशीनं धडधडत होती आणि खाली परांचीवर बसून मामा गिलावा ठोकत होते. जो गिलावा सुटलाय तो पाडायचा, जो घट्ट आहे तो राहू द्यायचा, इतका साधा हिशेब. चौथ्या आठवड्याच्या बुधवारी ते अकराव्या रांगेखालच्या तुळईपाशी आले. तिथला गिलावा त्यांनी पाडला, आतलं काँक्रीट उघडं पडलं, आणि सवयीने त्यांनी त्यावरही दोन ठोके मारले.

भरीव काँक्रीट टणक बोलतं. हातोडी उलटून हाताला झिणझिण्या देते. हे तसं बोललं नाही. तोंडात घास ठेवून कुणी उत्तर द्यावं तसा आवाज आला. मामा वीतभर पुढे सरकले, पुन्हा ठोकलं. तसाच. हातभर पुढे, तसाच. वरून मशीनचा धडाका चालू होता, म्हणून ते जेवणाची सुट्टी होईपर्यंत थांबले. सगळं शांत झाल्यावर डबा न उघडता परत वर चढले आणि पूर्ण तुळई या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकत गेले. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूने रेघ. खाली उतरून पाहिलं तर निम्मी तुळई पांढऱ्या रेघांनी भरली होती.

वरचा पाण्याचा पाइप किती वर्षं तुंबलेला होता देव जाणे. पाणी बरोबर याच जागी झिरपत आलं असणार.

त्यांनी मुकादमाला बोलावलं. मुकादमाने मान वर करून पाहिलं, दोन्ही हात कमरेवर ठेवले.

"मामा, आपल्याला फक्त गिलावा नि रंग सांगितलाय."

"हो, पण आतून गेलंय ते. वर माणसं बसायची आहेत."

"चाळीस वर्षं बसतायत की."

"म्हणूनच म्हणतो."

मग मुकादमाने मामांच्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी म्हटलं. मामा नुसते हसले. तेव्हा तो समोर आला आणि आवाज चढवून म्हणाला, "हेच विचारत होतो, की मामा, तुम्हाला ऐकू तरी नीट येतं का? मी बाजूला उभा राहून बोललो ते कळलं नाही, आणि काँक्रीटच्या पोटातलं कळतंय?"

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण मामांचा चेहरा उतरला, कारण बोलणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं ब्रेकर चालवून आणि ब्रेकरशेजारी उभं राहून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. घरी बायको न सांगता उजव्या बाजूला बसायची. उजव्या कानावर मामांचा भरवसा होता, पण त्या दिवशी पहिल्यांदाच तो डळमळला. उद्या तोही असाच सोडून गेला असेल आणि आपल्याला समजलंच नसेल तर? त्यांनी हातोडी पिशवीत घातली आणि पुढच्या तुळईवर गिलावा लावायला घेतला.

इथे मामांची एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बावीस वर्षांपूर्वी ते आणि त्यांचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, एका चार मजली इमारतीच्या दुरुस्तीवर होते. तिथल्या एका बाल्कनीचा असाच आवाज मामांना आला होता. त्यांनी तिथल्या साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "तू गवंडी आहेस, गवंड्यासारखा राहा." मामांनी मान खाली घातली आणि गवंड्यासारखे राहिले. आठ दिवसांनी बाल्कनी खाली आली. मेव्हणा तिच्यावर होता. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

मेव्हणा पुढे किल्ल्या बनवायला शिकला. बाजाराच्या तोंडाशी त्याचं टपरीएवढं दुकान झालं, लग्न झालं, दोन मुली झाल्या. त्याने मामांना कधी एका शब्दाने दोष दिला नाही. पण आपण सांगितलं होतं, आणि एकदाच सांगून गप्प बसलो, ही गोष्ट मामांनी बायकोपासून लपवून ठेवली. तिच्या भावाचा पाय आणि आपली गप्प मान या दोन गोष्टी तिने शेजारी शेजारी ठेवून पाहू नयेत, असं त्यांना वाटे. बावीस वर्षं ते हे ओझं एकटेच वाहत होते.

रविवारी ते मेव्हण्याच्या दुकानात जाऊन बसले. तो एका कुलपात तार घालून डोळे मिटून काहीतरी चाचपत होता. कुलूप उघडल्यावरच त्याने मान वर केली.

"भाऊजी, आज वाट वाकडी केलीत," मेव्हणा म्हणाला. "घरी भांडलात की काय?"

मामांनी सगळं सांगितलं. तुळई, खडूच्या रेघा, मुकादम, कान. शेवटी म्हणाले, "आणि मलाच आता खात्री वाटेना. उगाच सगळ्यांचं काम अडवायचो आणि आत काहीच नसायचं."

मेव्हण्याने कुलूप बाजूला ठेवलं. "तेव्हा खात्री होती?"

"होती."

"मग तेव्हा तुम्ही एकदा बोललात. आता खात्री नसली तर दोनदा बोला. नाही ऐकलं तर तिसऱ्यांदा. फार तर काय होईल, हसतील. माणसं हसली म्हणून कुणाचं काही तुटत नाही."

एवढं बोलून त्याने चहा मागवला आणि मुलीच्या परीक्षेचं बोलू लागला. मामांना त्याच्याकडे पाहवेना. ज्याने रागवायचं तोच धीर देत होता.

सोमवारी सकाळी मामा कामावर न चढता सरळ इंजिनिअर मॅडमच्या खोलीत गेले. विद्यापीठाच्या बांधकाम विभागाने मॅडमना स्टेडियमच्या कामावर नेमलं होतं. पस्तिशीच्या, बारीक चणीच्या, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट खोलीतसुद्धा काढायला विसरणाऱ्या. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं होतं आणि नकाशे टॉवेलच्या खुंट्यांना लटकवले होते.

"मॅडम, एक सांगायचं होतं. मुकादमाला सांगून झालंय. त्याला पटलेलं नाही. माझा एक कान खराब आहे, हेही आधीच सांगतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "बसा. आणि कुठल्या बाजूला बसू तेवढं सांगा."

इतक्या वर्षांत मामांना हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं. मॅडम खुर्ची उचलून त्या बाजूला आल्या.

सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "चला, दाखवा मला."

ब्रेकर बंद करायला लावून दोघं परांचीवर चढली. मामांनी ठोकून दाखवलं. मॅडमनी कान लावला, मान हलवली. "मला फरक कळत नाहीये."

"हात ठेवा."

त्यांनी तळवा तुळईवर टेकवला. मामांनी आधी भरीव जागी ठोकलं, मग पोकळ जागी. दुसऱ्या वेळी मॅडमनी हात चटकन उचलला. "इथे थरथरतंय."

"तेच ते."

मॅडमनी हातोडी मागून घेतली. मग म्हणाल्या, "मामा, राग मानू नका. काम थांबवायचं तर मला वर जाब द्यावा लागतो. तुम्ही पाठ फिरवून बसा. मी ठोकते, तुम्ही नुसतं सांगा."

मामांना राग कुठला येतो. त्यांनाही तेच हवं होतं. ते पाठ फिरवून बसले, दोन्ही डोळे मिटले. खाली मुकादम आणि पंधरावीस माणसं येऊन उभी राहिली. मॅडम कधी रेघेवर ठोकत, कधी रेघ नसलेल्या जागी, कधी एकाच जागी लागोपाठ दोनदा.

"भरीव," मामा म्हणाले. "भरीव. पोकळ. पोकळ. भरीव. हे पुन्हा तेच. पोकळ."

वीस ठोके झाले. मामांच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. मॅडमनी कागदावरच्या खुणा मोजल्या.

"एकोणीस बरोबर. एक चुकलं."

मामांनी डोळे उघडले. "म्हणजे माझा कान..."

"वीसच्या वीस बरोबर आले असते तर मी म्हटलं असतं, कुणीतरी खालून खुणावतंय," मॅडम म्हणाल्या आणि परांचीवरून खाली वाकून मुकादमाला सांगितलं, "या गॅलरीवरचं काम आतापासून बंद. वरून सगळी माणसं उतरवा. तुळईला टेकू द्या, आजच."

मुकादम काकुळतीला आला. "मॅडम, स्पर्धा आहेत. दिवस कसे भरून काढायचे?"

"नाही निघाले तर नाही निघाले. वर सांगेन मी."

तीन दिवसांनी मशीन आलं आणि तुळईला भोक पाडून आतलं काँक्रीट नळीत काढलं. चांगलं काँक्रीट असतं तर लाटण्यासारखा गोल, अखंड तुकडा निघाला असता. नळी उपडी केली तेव्हा तिच्यातून ओला चुरा पडला. आतली अंगठ्याएवढी सळी गंजून पेन्सिलीएवढी झाली होती. मुकादमाने तो चुरा हातात घेतला, मुठीत दाबला, आणि कितीतरी वेळ मूठ उघडलीच नाही. काम थांबलं नसतं तर या तुळईच्या वरचा थर फोडायला मंगळवारीच त्याची स्वतःची आठ माणसं बसली असती.

मग मामांनी सगळ्याच तुळया ठोकल्या. बारापैकी पाच तशा निघाल्या. मॅडमनी प्रत्येक ठिकाणी मशीनने खात्री करून घेतली आणि अहवाल लिहिला. अहवालात काय लिहिलंय ते त्यांनी मामांना बोलावून वाचून दाखवलं. त्यात एक वाक्य होतं, की हा दोष प्रथम गवंडी अमुक अमुक यांच्या लक्षात आला. तिथे मामांचं खरं नाव होतं, वडिलांच्या नावासकट. हजेरीपटावरून त्यांनी ते शोधून काढलं होतं.

"हे कशाला, मॅडम?"

"कारण ते तसं झालंय."

त्या अहवालापायी मॅडमना बरंच ऐकून घ्यावं लागलं. स्पर्धा पश्चिमेच्या गॅलरीशिवाय पार पडल्या. पाहुणे समोरच्या बाजूला उन्हात बसले आणि कुरकुरले. आधीच तपासणी का झाली नाही, उशीर का, अशी वरून पत्रं आली. मॅडमनी त्यांची उत्तरं दिली आणि मामांचं नाव कुठल्याही चौकशीत येऊ दिलं नाही. नाव जिथे मानाचं होतं तिथेच राहिलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सुट्टी संपायच्या आधीच केली होती. विद्यापीठात कान-तपासणीचं शिक्षण देणारा विभाग होता आणि त्यांचा दवाखाना सुट्टीतही उघडा असे. एका दुपारी मॅडम मामांना जवळजवळ ओढतच तिथे घेऊन गेल्या. काचेच्या खोलीत बसवून डॉक्टरीणबाईंनी कानात बारीक बारीक आवाज सोडले. डावा कान परत येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. उजवा अजून चांगला होता, पण असंच चालू राहिलं तर पाच वर्षांत त्याचीही तीच गत होणार होती.

"मग काम सोडू?" मामांनी विचारलं.

"काम करा. फक्त मशीनजवळ कान झाका. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

त्याच्या पुढच्या आठवड्यात ब्रेकरवरच्या प्रत्येकाला कानावर लावायचे जाड कप मिळाले. आधी सगळे एकमेकांना पाहून हसले, बेडकासारखे दिसतोय म्हणाले. मुकादमाने स्वतः लावले तेव्हा हसणं थांबलं. तोच मुकादम आता नव्या जागी काम घेण्याआधी मामांना पुढे करू लागला. "मामा, आधी तुम्ही ठोका, मग आम्ही हात लावतो." एकदा तर त्याने स्वतःच्या घराचं छत ठोकायला त्यांना नेलं. ते भरीव निघालं, तरी मुकादमाच्या आईने मामांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

तुळया नव्या झाल्या, वरचा थर पडला, खुर्च्या बसल्या. मुलं येऊन दोन महिने झाले होते तेव्हा एका रविवारी सकाळी मॅडमनी कामगारांना घरच्या माणसांना घेऊन यायला सांगितलं. भाषणं नव्हती, फीत नव्हती. नुसतं बसा, पाहा, असं होतं. मामांच्या बायकोने नवऱ्याचं एकही काम आतून पाहिलेलं नव्हतं. इमारत पुरी झाली की तिथे दुसऱ्यांची कुलपं लागत. ती चांगलं पातळ नेसून आली. मैदानावर काही मुली अडथळ्यांच्या शर्यतीचा सराव करत होत्या. एक मुलगी दर वेळी तिसऱ्या अडथळ्याला पाय लावत होती आणि दर वेळी मागे जाऊन पुन्हा धावत होती. मामांची बायको तिच्याकडे एकटक पाहत बसली.

मॅडम येऊन शेजारी बसल्या, तेव्हा मामांनी ओळख करून दिली. आभार कसे मानायचे ते त्यांनी घरून जुळवून आणलं होतं, पण ऐनवेळी सगळं विसरले. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही ऐकलंत."

बायको मॅडमकडे वळली. नेहमीच्या, भाजी आणायला सांगावी तशा आवाजात म्हणाली, "माझ्या भावाच्या वेळी यांनी असंच सांगितलं होतं हो. तेव्हा कुणी ऐकलं नाही. यांनी फार लावून घेतलं मनाला."

मामांना आधी वाटलं आपल्याला चुकीचं ऐकू आलं. पण ती उजव्या बाजूला बसली होती आणि प्रत्येक शब्द स्वच्छ आला होता.

"तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"त्यानेच. दवाखान्यातच सांगितलं होतं, शुद्धीवर आल्यावर. म्हणाला, ताई, भाऊजींनी आधीच सांगितलं होतं, त्यांना काही बोलू नकोस."

"बावीस वर्षं?"

"तुम्ही बोलला नाहीत, मग मी कशाला बोलू. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगतील."

मॅडम उठल्या आणि खाली कुणाला तरी हाक मारायच्या निमित्ताने दोन रांगा उतरून गेल्या. मामा मान खाली घालून बसले. त्यांना सगळं एकदम आठवलं: मेव्हण्याचा पाय काढला त्या रात्री हिने आपल्याला वाढलेलं ताट, हिचं न बोलता उजव्या बाजूला येऊन बसणं, दर वर्षी भावाकडे जाताना 'तुम्हीही चला' म्हणणं. आपण ज्याला गुपित समजत होतो त्याच्याभोवती ही दोघं बहीणभाऊ पावलं न वाजवता वावरत होती. आणि आपल्याला वाटत होतं, ओझं आपण एकटेच उचलतोय.

"अगं," ते म्हणाले. बायकोने पुढच्या शब्दाची वाट पाहिली नाही. पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिने त्यांच्या हातात दिली.

"प्या. ऊन चढलंय. आणि मघापासून मी पाहतेय, त्या पोरीने अडथळा पार केला एकदाचा, तुमचं लक्षच नाही."

मामा पाणी प्यायले. मग दोघं उठली आणि बायकोच्या आग्रहावरून एकेक रांग करत अगदी वरपर्यंत चढून गेली, कारण तिला सगळ्या पायऱ्या पाहायच्या होत्या. प्रत्येक पायरीवर ती विचारत होती, "ही तुम्ही केली का?" आणि जी दुसऱ्याने केली होती तिथे मामा त्या माणसाचं नाव सांगत होते.